पदवी-महाविद्यालयातील विज्ञानाध्यापकाची निवड : निकषांचे परीक्षण

महाविद्यालयातील अध्यापकपदाची जाहिरात ही लक्षपूर्वक वाचण्याची वस्तू आहे असे सहसा कोणी मानीत नाही. उमेदवार तीत विषय, राखीव जागा आणि अर्जाची अंतिम तारीख एवढेच पाहतो. संस्था ती नियमाची पूर्तता म्हणून प्रसिद्ध करते. आणि पात्रतेच्या रकान्यात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या व शासनाच्या नियमांकडे बोट दाखविले की दोन्ही पक्षांचे समाधान होते. तथापि त्या एका ओळीच्या आड एक प्रश्न अनुत्तरित राहून जातो. ज्या संस्थेत शिक्षण पदवीपाशीच संपते, जिच्या प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थी नसतात आणि जिच्यातील अध्यापकाच्या आठवड्याचे बहुतेक तास पदवीच्या वर्गांत व प्रात्यक्षिकांत खर्च होतात, त्या संस्थेस पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, गणित अथवा अभियांत्रिकी शिकविण्यासाठी नेमका कोणता मनुष्य हवा आहे, हा तो प्रश्न होय.

प्रश्न दिसतो तितका कारकुनी स्वरूपाचा नाही. तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात एका विज्ञान-विषयाला बहुधा दोन किंवा तीन अध्यापक असतात. त्यांपैकी एकाची नेमणूक वयाच्या तिशीत झाली तर ती साठीच्या आसपास संपते. तेवढ्या काळात त्या पंचक्रोशीतून विज्ञानाकडे वळलेल्या प्रत्येक मुलामुलीला प्रकाशाचे व्यतिकरण किंवा कार्बनी रसायनातील अभिक्रिया त्याच एका व्यक्तीकडून शिकाव्या लागतात. विद्यापीठाच्या मोठ्या विभागात एक निवड चुकली तर विद्यार्थ्याला शेजारची खोली असते. येथे शेजारची खोली नसते. शिवाय विद्यापीठीय विभागात प्रवेश करणारा विद्यार्थी विषयाची निवड करून आलेला असतो. विषय आपला आहे की नाही हे ज्याला अद्याप ठरवावयाचे आहे असा विद्यार्थी पदवी-महाविद्यालयातच भेटतो, आणि त्याचा निर्णय पुष्कळदा समोर उभ्या असलेल्या अध्यापकावरूनच होतो.

ह्या पार्श्वभूमीवर निवडीचे निकष तपासले पाहिजेत. अनुदान आयोगाने २०१८ साली अध्यापकांच्या किमान पात्रतेविषयी जी नियमावली प्रसिद्ध केली, तिच्यात सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीस कोणास बोलवावे हे ठरविण्यासाठी दोन कोष्टके दिली आहेत : एक विद्यापीठांसाठी व दुसरे महाविद्यालयांसाठी. दोन निरनिराळी कोष्टके केली ह्यावरून दोन्ही ठिकाणचे काम वेगळे आहे ह्याची जाणीव नियमकर्त्यांना होती, हे उघड आहे. ती कितपत खोल होती हे पाहण्यासाठी कोष्टके शेजारी-शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. दोन्हींची बेरीज १०० होते. पदव्युत्तर पदवीला दोन्हीकडे अधिकात अधिक २५ गुण आहेत. अनुभवाला दोन्हीकडे १०. पारितोषिकांना दोन्हीकडे ३. फरक आहे तो चार ठिकाणी. पीएच.डी.ला विद्यापीठाच्या कोष्टकात ३० गुण आहेत, महाविद्यालयाच्या कोष्टकात २५. शोधनिबंधांना तिकडे १०, इकडे ६. पदवी परीक्षेला तिकडे १५, इकडे २१. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास तिकडे ७, इकडे १०. म्हणजे संशोधनाच्या पारड्यातून ९ गुण उचलले आणि ते जसेच्या तसे परीक्षांच्या पारड्यात टाकले. विद्यापीठीय विभाग आणि पदवी-महाविद्यालय ह्यांतील सगळे अंतर ह्या कोष्टकांच्या भाषेत शंभरात नऊ एवढे आहे. आणि त्या नवांतील एकही गुण शिकविण्याच्या गुणाकडे गेलेला नाही.

ह्यामागील गृहीत असे दिसते की, जो बी.एस्सी.ला उत्तम गुण मिळवितो तो बी.एस्सी.ला उत्तम शिकवील. गृहीत अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. ज्याचा पाया कच्चा आहे त्याने पाया शिकवू नये हे खरेच. परंतु ज्याला एखादी गोष्ट पहिल्या वाचनात समजली त्याला ती दुसऱ्याला का समजत नाही हे कळण्यास फार वेळ लागतो, हाही विज्ञानाच्या वर्गातील नित्याचा अनुभव आहे. परीक्षेतील गुण पहिली गोष्ट सांगतात, दुसरीविषयी मौन पाळतात. आणखी एक तपशील पाहण्याजोगा आहे. अनुभवाच्या रकान्यात अध्यापनाचे एक वर्ष आणि पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचे एक वर्ष ह्यांना सारखेच, म्हणजे प्रत्येकी २ गुण आहेत. परदेशातील एखाद्या प्रयोगशाळेत तीन वर्षे लेझरवर काम केलेला उमेदवार आणि मराठवाड्यातील एखाद्या महाविद्यालयात तीन वर्षे प्रथम वर्षाची प्रात्यक्षिके सांभाळलेला उमेदवार हे दोघेही येथे सहा गुणांचे धनी होतात. दोघांचीही योग्यता मोठी असेल, पण ती एक नव्हे. विद्यापीठाच्या कोष्टकात ही बरोबरी एक वेळ क्षम्य ठरेल. महाविद्यालयाच्या कोष्टकात ती मूळ कामाविषयीच्या अनास्थेची खूण आहे.

ह्यावर असे उत्तर देण्यात येईल की, कोष्टक केवळ मुलाखतीच्या दारापर्यंत नेण्यासाठी आहे. खरी पारख आत होते. उत्तर खरे आहे, आणि म्हणूनच अधिक अडचणीचे आहे. २०१८ च्या नियमावलीप्रमाणे ह्या शंभर गुणांचा उपयोग उमेदवारांची यादी लहान करण्यापुरताच व्हावयाचा असून अंतिम निवड सर्वस्वी मुलाखतीवर व्हावयाची आहे. मुलाखतीत काय पाहावे, कशाला किती वजन द्यावे, ह्याविषयी मात्र नियमावली जवळजवळ गप्प आहे. तिच्या आधीची, २०१० ची नियमावली ह्या बाबतीत अधिक बोलकी होती. तिच्यात सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी शैक्षणिक कारकीर्द व संशोधन ह्यांस ५० टक्के, विषयाचे ज्ञान व अध्यापनकौशल्य ह्यांस ३० टक्के आणि मुलाखतीस २० टक्के अशी वाटणी होती. त्या नियमावलीवर टीका पुष्कळ झाली आणि ती योग्यही होती. तिच्यातील गुणांकपद्धतीने निबंध, चर्चासत्रे आणि प्रमाणपत्रे ह्यांचा जो बाजार उभा केला तो सर्वांच्या परिचयाचा आहे. पण बाजार मोडताना अध्यापनकौशल्याचा तो ३० टक्क्यांचा उल्लेखही मोडीत निघाला, ह्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नव्या नियमावलीत त्याच्या जागी राहिली ती केवळ एक सवलत : मुलाखतीच्या वेळी वर्गातील व्याख्यान किंवा चर्चासत्र ह्यांच्याद्वारे अध्यापनक्षमता अजमावता येईल, अशी. ‘येईल’ आणि ‘यावी’ ह्यांतील अंतर व्याकरणात लहान असले तरी नियमांच्या जगात ते फार मोठे असते. एका दिवसात एका विषयाचे वीस-पंचवीस उमेदवार संपवावयाचे असले म्हणजे ‘येईल’चा अर्थ ‘येणार नाही’ असाच होतो.

कोष्टकाच्या बाजूने जे म्हणता येईल ते येथे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. कोष्टक जन्माला आले ते अविश्वासातून. निवड समितीच्या मर्जीवर सर्व सोपविले तर नाते, जात, गट आणि त्याहून ओंगळ अशा गोष्टी निवड करतील, ही भीती काल्पनिक नाही; अध्यापकाच्या जागेसाठी पैसे द्यावे लागतात अशी तक्रार महाराष्ट्रात उघडपणे केली जाते. गुण मोजता येतात, त्यांची पडताळणी होते, त्यांच्या आधारे न्यायालयात दाद मागता येते. गरीब घरातून आलेल्या, कोणाची ओळख नसलेल्या उमेदवारास ह्या आकड्यांचा मोठा आधार वाटतो, आणि शिकविण्याची हातोटी यांसारख्या न मोजता येणाऱ्या गोष्टींचे नाव काढताच तो सावध होतो. त्याची ही सावधगिरी समंजसपणाची आहे. परंतु २०१८ ची रचना त्याला ज्या ठिकाणी संरक्षण देते ते ठिकाण दाराबाहेरचे आहे. दाराच्या आत, जेथे निवड होते, तेथे आकडे बाजूला ठेवलेले असतात आणि मर्जीला मोकळे रान असते. म्हणजे ज्या टप्प्यावर विवेकाची गरज होती तेथे यांत्रिक मोजदाद ठेवली, आणि ज्या टप्प्यावर काही मोजदाद ठेवणे आवश्यक होते तेथे ती काढून घेतली. ह्या उलट्या रचनेचा तोटा दोघांनाही होतो : चांगल्या शिकविणाऱ्यासही, आणि ओळख नसलेल्यासही.

पदवी-महाविद्यालयात विज्ञानाचा अध्यापक कसा निवडावा हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ मध्ये आणि फर्ग्युसन महाविद्यालयाची १८८५ मध्ये झाली तेव्हा तो संस्थापकांपुढे उभा होता, आणि त्यांनी दिलेले उत्तर आजच्या कोष्टकांहून सर्वस्वी निराळे होते. त्यांनी उमेदवाराचा भूतकाळ थोडा आणि भविष्यकाळ पुष्कळ मागितला. आजीव सदस्याने अल्प वेतनावर, दरमहा सुमारे ७५ रुपयांवर, वीस वर्षे संस्थेची सेवा करावी, ही ती अट. टिळक तेथे गणित शिकवीत. गोखले शाळेत गणित आणि महाविद्यालयात इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे जे वाट्यास येईल ते शिकवीत, आणि त्यावरून मागणीबरहुकूम शिकविणारे प्राध्यापक अशी त्यांची ओळख झाली होती. विनोदाचा भाग सोडला तर लहान महाविद्यालयाच्या अध्यापकाचे ते बरेच अचूक वर्णन आहे. अशा ठिकाणी आपल्या उपविषयाच्या कुंपणाबाहेर न जाणारा विद्वान अर्ध्याच उपयोगाचा ठरतो.

ह्या व्यवस्थेतही नेमणुकीच्या अटींचा अर्थ काय, ह्यावरून लवकरच वाद झाला. आजीव सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा की बाहेरील कामे आणि मिळकत त्यास मोकळी असावी, ह्या मुद्द्यावर टिळक एका बाजूस आणि बहुतेक सहकारी दुसऱ्या बाजूस होते. १८९० साली टिळकांनी संस्था सोडली. टिळकांच्या भूमिकेमागे जेझुइट पंथीयांच्या त्यागाचा आदर्श होता. चरित्रकारांनी ह्या भांडणाकडे प्रामुख्याने व्यक्तींच्या स्वभावाच्या अंगाने पाहिले आहे. शिक्षणाच्या अभ्यासकाने त्याकडे एका नेमणूकपत्राच्या अन्वयार्थावरील वाद म्हणूनही पाहावयास हवे. अध्यापक पूर्णतः संस्थेचा, की संस्था हे त्याच्या अनेक कामांपैकी एक? आज हाच प्रश्न अध्यापकाच्या संशोधनाच्या संदर्भात पुन्हा उभा राहतो, फक्त मिळकतीच्या जागी शोधनिबंध आले आहेत.

सोसायटीच्या पद्धतीचे सर्वांत मोठे यश म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेला हा मनुष्य १९०२ मध्ये फर्ग्युसनचा प्राचार्य झाला आणि दोन दशके त्याच संस्थेत गणित शिकवीत राहिला. सरकारी शिक्षणखात्यातील प्रतिष्ठेची आणि चौपट-पाचपट वेतनाची वाट अशा माणसास बंद नव्हती. परांजप्यांच्या नावावर गणितातील मोठे मौलिक संशोधन नाही, हे सांगितले पाहिजे. पण रँग्लर हा शब्द मराठी घरांत रूढ झाला आणि गणित हा महत्त्वाकांक्षी मुलाने घ्यावयाचा विषय ठरला, ह्याचे श्रेय त्या एका नेमणुकीकडे बऱ्याच अंशी जाते. त्यागाच्या निकषाने केलेली निवड येथे फळाला आली. तथापि त्या निकषाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. त्याग करण्याची ऐपत सर्वांस नसते. जो निकष वेतन नाकारणाऱ्यास पुढे आणतो तो, ज्याच्या घरी त्या वेतनावाचून चूल पेटत नाही, त्यास मागे ठेवतो. त्या काळच्या आजीव सदस्यांची नावे वाचली म्हणजे समाजाचा केवढा भाग त्या यादीबाहेर राहिला हे लपत नाही. म्हणून जुन्या पद्धतीचे गोडवे गाऊन आजची अडचण सुटणार नाही.

फर्ग्युसनच्याच गणित विभागाचे दुसरे उदाहरण अधिक विचार करावयास लावणारे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी १९३३ मध्ये तेथे आले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. हार्वर्डची १९२९ ची पदवी एवढीच त्यांची औपचारिक अर्हता. पदव्युत्तर पदवी नाही, डॉक्टरेट नाही. आजच्या नियमांप्रमाणे त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला असता. हा युक्तिवाद टाळ्या मिळविणारा असला तरी त्यावर फार भर देणे योग्य नव्हे, कारण त्या काळी पदव्याच दुर्मिळ होत्या आणि अपवादावरून नियम ठरवीत नाहीत. कोसंबींच्या बाबतीत लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी त्या बारा वर्षांत, एका पदवी-महाविद्यालयात शिकवीत असताना, केलेले काम आज जगाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावरील त्यांच्या १९४३ च्या निबंधातील कल्पना पुढे कारहुनेन आणि लोएव्ह ह्यांच्या नावाने प्रसिद्धीस आली. १९४४ चे आनुवंशिकीतील सूत्र तर कोसंबींच्याच नावाने ओळखले जाते. पदवी-महाविद्यालयात संशोधन होऊ शकत नाही, ह्या सोयीच्या समजुतीस हे एकच उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

त्याच काळातील त्यांचे आणखी एक काम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. आहत नाण्यांचे वजन करून त्यांचा कालक्रम लावता येईल काय, हा प्रश्न त्यांनी घेतला. नाणे जितका काळ चलनात राहील तितके झिजेल, हे त्यामागील साधे तत्त्व. झिजेचा वेग समजावा म्हणून त्यांनी चालू चलनातील नाणीही तोलली. ह्या कामास लागणारी साधने म्हणजे एक चांगला तराजू, चिकाटी, आणि मध्यमान व विचलन काढण्यापुरते गणित. ही सर्व द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत. कोसंबींच्या फलन-अवकाशावरील निबंधात पदवीच्या विद्यार्थ्यास हात घालावयास जागा नाही. नाण्यांच्या प्रश्नात ती भरपूर आहे. दोन्हींचा कर्ता एकच आणि दोन्हींची गुणवत्ता निःसंशय, पण पदवी-महाविद्यालयाच्या दृष्टीने दोन्हींचे मोल सारखे नाही. ज्या निकषाचा शोध घ्यावयाचा आहे तो येथे सापडतो. उमेदवाराने किती संशोधन केले, हा विद्यापीठाचा प्रश्न आहे. त्याच्या संशोधनातून विद्यार्थ्याच्या हाती देण्याजोगा तुकडा निघू शकतो काय, आणि तो काढून देण्याची त्याला आवड व हातोटी आहे काय, हा महाविद्यालयाचा प्रश्न आहे. शोधनिबंधांच्या सहा गुणांत तो विचारलेला नाही.

जेथे तो विचारला जातो अशी ठिकाणे आहेत. अमेरिकेत पदवीशिक्षणालाच वाहिलेली महाविद्यालये पुष्कळ असून त्यांपैकी काही विज्ञान व अभियांत्रिकीसाठी नावाजलेली आहेत. कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट येथील हार्वी मड महाविद्यालय १९५५ मध्ये स्थापन झाले आणि १९५७ मध्ये तेथे पहिले विद्यार्थी आले. अशा महाविद्यालयांत प्राध्यापकाजवळ पीएच.डी.चे विद्यार्थी नसतात. त्याच्या प्रयोगशाळेतील हात हे अठरा ते बावीस वर्षांच्या मुलामुलींचे असतात. साहजिकच अर्जासोबत मागविलेल्या संशोधनाच्या आराखड्यात, पदवीचे विद्यार्थी त्यात कोणता भाग करतील, हे लिहिणे उमेदवारास भाग पडते. जो आराखडा अनुभवी संशोधकांच्या तुकडीशिवाय चालू शकत नाही तो कितीही चमकदार असला तरी तेथे दुबळा ठरतो. पुढील टप्प्यावर निवडक दोन-चार उमेदवारांस एक-दोन दिवस महाविद्यालयात बोलावतात. ते तेथील खऱ्या विद्यार्थ्यांपुढे पाठ घेतात, आपले संशोधन पदवीच्या विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत सांगतात, विद्यार्थ्यांबरोबर जेवतात, आणि नंतर विद्यार्थ्यांचे मतही विचारात घेतले जाते. अशा संस्थांतील संशोधनास उत्तेजन देण्यासाठी १९७८ मध्ये एक राष्ट्रीय परिषदही स्थापन झाली, आणि तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशन पदवी-संस्थांतील संशोधनासाठी वेगळी योजना चालविते.

अभियांत्रिकीच्या बाबतीत हार्वी मडने १९६३ मध्ये सुरू केलेला ‘क्लिनिक’ हा उपक्रम उद्बोधक आहे. एखाद्या कारखान्याची अथवा संस्थेची खरी अडचण चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाकडे वर्षभरासाठी सोपविली जाते आणि एक अध्यापक त्यांचा सल्लागार असतो. येथे अध्यापकाने उत्तर देणे अपेक्षित नसते. बहुधा ते त्यासही ठाऊक नसते. ठाऊक नसलेल्या प्रश्नापुढे विद्यार्थ्यांसमवेत न घाबरता उभे राहता येणे, हा गुण अशा अध्यापकाच्या ठायी पाहावा लागतो. मॅसॅच्युसेट्समधील १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ओलिन अभियांत्रिकी महाविद्यालयाने तर कायम नेमणुकीची पद्धतच ठेवली नाही. तेथे ठराविक मुदतीचे करार होतात आणि त्यांचे नूतनीकरण होते. वीस वर्षांची शपथ घेणारे फर्ग्युसनचे आजीव सदस्य एका टोकास आणि हे करार दुसऱ्या टोकास ठेवले तर अध्यापकाच्या नेमणुकीविषयी दोन शतकांत केवढी निरनिराळी उत्तरे दिली गेली ह्याची कल्पना येते.

ह्या अमेरिकन पद्धती जशाच्या तशा उचलाव्यात असा येथे आग्रह नाही. त्या महाविद्यालयांची श्रीमंती, वर्गांचा लहान आकार आणि अभ्यासक्रम ठरविण्याचे स्वातंत्र्य ह्यांच्या आधारावर त्या उभ्या आहेत. संलग्न महाविद्यालयाचा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरविते, प्रश्नपत्रिका विद्यापीठाकडून येते, आणि प्रयोगांची यादीही ठरलेली असते. शिवाय विद्यार्थ्यांच्या मतावर निवड होऊ लागली तर गोड बोलणाऱ्याचे फावेल ही शंका तेथेही घेतली जाते. पण ह्या सर्व वजाबाकीनंतरही एक गोष्ट उरते. तेथे निवडीची पद्धत ठरविण्यापूर्वी कामाचे वर्णन केलेले असते. येथे कामाचे वर्णन विद्यापीठाकडून उसने घेतले आणि त्यातून नऊ गुण वळते केले.

अभियांत्रिकीत हे उसनेपण अधिक महाग पडले. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये झपाट्याने निघाली. इमारती एका वर्षात उभ्या राहू शकतात, अध्यापक राहू शकत नाहीत. तेव्हा कालपरवाचा पदवीधर आजच्या पदवीच्या वर्गावर उभा राहिला. पुढे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनी बी.ई. आणि एम.ई. ह्या दोन्ही पदव्या, त्यांपैकी एकीत प्रथम वर्गासह, आवश्यक ठरविल्या. सुधारणा झाली, पण पदव्यांच्याच दिशेने. सहायक प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्याने कारखान्यात एक वर्ष तरी काम केलेले असावे, लेथवर स्वतः एखादा भाग उतरवून पाहिलेला असावा, अशी अट त्यांत नाही. २०१८ मध्ये परिषदेने अध्यापक-विद्यार्थी प्रमाण १:१५ वरून १:२० केले तेव्हा मात्र आहेत त्या अध्यापकांपैकीही काही कागदावर अतिरिक्त ठरले. जेथे एक अध्यापक वीस विद्यार्थ्यांस पुरतो असे शासनमान्य गणित आहे, तेथे कोणता अध्यापक, ह्या प्रश्नाचा आवाज क्षीण होणे स्वाभाविकच होय. विज्ञान महाविद्यालयांत हाच परिणाम तासिका तत्त्वाने साधला. तासामागे मोबदला घेणाऱ्या अध्यापकास प्रयोगशाळेत संध्याकाळी थांबण्याचे कारण उरत नाही. नेमणुकीचा हा प्रकार कामाची व्याख्याच तासापुरती करतो, मग निवड कितीही काळजीपूर्वक केलेली असो.

२०२५ च्या जानेवारीत आयोगाने नव्या नियमावलीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात गुणांची मोजदाद मागे पडून उल्लेखनीय कार्याची क्षेत्रे सांगितली होती, आणि अध्यापनातील नवे उपक्रम, अध्यापनाच्या वा संशोधनाच्या प्रयोगशाळेची उभारणी, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मार्गदर्शन ह्यांचा त्यांत समावेश होता. नियमकर्त्यांच्या भाषेत विद्यार्थ्याचा प्रकल्प हा शब्द यावा ही स्वागतार्ह घटना आहे. परंतु ही क्षेत्रे मुख्यतः वरच्या पदांच्या आणि बढतीच्या संदर्भात होती. प्रथम नेमणुकीच्या वेळी, म्हणजे पुढील तीस वर्षांचा निर्णय ज्या दिवशी होतो त्या दिवशी, प्रश्न पदवी आणि नेटचाच राहिला.

तथापि सर्व दोष नियमावलीच्या माथी मारून महाविद्यालयांस मोकळे होता येणार नाही. मुलाखतीत काय विचारावे हे नियमांनी सांगितलेले नाही, याचाच अर्थ ते विचारण्यास मनाईही केलेली नाही. प्राचार्य आणि विभागप्रमुख हे समितीत असतात, आणि बाहेरून आलेल्या विषयतज्ज्ञांस महाविद्यालयाची गरज समजावून देणे हे त्यांचेच काम आहे. सध्या तज्ज्ञ उमेदवारास त्याच्या प्रबंधाचे शीर्षक विचारतात, कारण तज्ज्ञांस स्वतःस तेच परिचित असते. मर्जीची भीती असेल तर सर्व उमेदवारांपुढे एकच काम ठेवावे, आणि प्रत्येक सदस्याने आपले मत दुसऱ्याशी बोलण्यापूर्वी लिहून द्यावे. एवढ्यानेही तीस टक्क्यांच्या त्या हरवलेल्या रकान्याची बरीच भरपाई होईल. ते काम शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. विभागाच्या कपाटात गेल्या वर्षीची जर्नले पडलेली असतात. त्यांतील लंबकाच्या प्रयोगाचे एखादे जर्नल, नाव झाकून, उमेदवाराच्या हाती द्यावे. त्यात दोलनकालाची दहा निरीक्षणे असतील, आलेख अगदी सरळ रेषेत असेल, आणि गुरुत्वत्वरणाचे उत्तर पुस्तकातल्याइतके अचूक आले असेल. उमेदवार त्या पानावर बरोबरची खूण करतो, की निरीक्षणे इतकी नेटकी कशी आली असे विचारतो, आणि दुसरे असल्यास ती बनवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याशी तो उद्या प्रयोगशाळेत काय बोलेल, हे समितीस दहा मिनिटांत ऐकता येईल.